दोघांनी पाहिलेलं तेवढंच

"बाई शिकवताना सारख्या दाराकडे बघतात," सूनबाईने वाचलं, आणि वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याआधीच्या प्रत्येक वाक्याला हसला होता, मीही हसले होते. बाई हा शिक्षकाचा एक प्रकार आहे. ही जात मुख्यतः संध्याकाळी आढळते. बाईंच्या उजव्या बाहीवर खडूचा डाग असतो, धुतला तरी तो दुसऱ्या दिवशी परत येतो. बाई चहा नको म्हणतात आणि मग घेतात. इथवर सगळं छान चाललं होतं. मी टेबलाला टेकून, हाताची घडी घालून ऐकत होते आणि मनातल्या मनात गुणही देत होते. मग हे दाराचं वाक्य आलं. होतं इंग्रजीत, म्हणजे मीच शिकवलेल्या कोरड्या ठणठणीत इंग्रजीत. मराठीत असतं तर त्यात एखादा 'हो', एखादं 'बरं का' येऊन ते थोडं मऊ झालं असतं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण सवय मोठी वाईट, तोंडातून नेहमीचा प्रश्न निघून गेलाच: "कोणी कोणी पाहिलंय?" आणि बाकांवरचे सगळे हात वर झाले. ड्रायव्हरने तर दोन्ही हात वर केले.

हा प्रश्न माझाच, नियमही माझेच. संध्याकाळच्या वर्गाला येणारी माणसं दिवसभर राबून येतात. कामापुरतं इंग्रजी ती कशीबशी रेटतात, पण लिहायला बसवलं की 'माझा आवडता प्राणी' नाहीतर 'माझे बालपण' यापुढे गाडी सरकत नाही, आणि बालपणाला हात घातला की अर्धा वर्ग नाक पुसायला लागतो. म्हणून मी ज्ञानकोश आणला. त्यातला एखादा लहानसा लेख नमुन्याला घ्यायचा. पूल, मीठ, कात्री, दीपगृह, काहीही. त्याचे परिच्छेद कापून पट्ट्या करायच्या, पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि पुन्हा जुळवायला द्यायच्या. वस्तू काय आहे ते पहिल्याच वाक्यात. मग प्रकार, भाग, इतिहास, उपयोग. सांगाडा एकदा कळला की तोच ठेवून त्यात आपल्या माहितीतलं काहीतरी भरायचं. 'मी' हा शब्द चालणार नाही. 'सुंदर' चालणार नाही, 'फार'ही नाही. आणि प्रत्येक वाक्याला लिहिणारा सोडून आणखी दोन साक्षीदार हवेत, दोघांनी पाहिलेलं तेवढंच राहील, बाकीच्यावर काट. या नियमाने माझ्या वर्गाने काय काय लिहिलं! ड्रायव्हरने 'ब्रेक' हा विषय घेतला तेव्हा 'इतिहास' या मथळ्याखाली एकच वाक्य होतं: हा ब्रेक पूर्वी लागत असे. त्याच्या गाडीतून येणारे दोघे वर्गातच होते, त्यांनी गंभीरपणे साक्ष दिली आणि वाक्य राहिलं. या वेळी सगळ्यांनी मिळून एकच लेख लिहायचा होता, आणि विषय मला आधी सांगायचा नव्हता. मला वाटलं जिना लिहितील, नाहीतर जिन्याखालचा झेरॉक्सवाला. लिहिला माझ्यावर.

वर्गात जिला सगळे सूनबाई म्हणतात ती म्हणजे लग्न होऊन सहा महिने झाले तरी अजून नवऱ्याकडे परदेशी न पोचलेली मुलगी. कागदपत्रं अडकलीत, तोवर इंग्रजी शीक म्हणून सासूने पाठवलेली. तिचा आवाज चांगला म्हणून वाचायचं काम तिच्याकडे. हात खाली झाल्यावर तिने पुढचं वाक्य वाचलं: "त्या कोणाची तरी वाट बघतात." पुन्हा हात वर जायला लागले, इतक्यात ड्रायव्हरने आपला हात अर्ध्यावरून मागे घेतला. "नाही हो, हे नाही चालायचं," तो म्हणाला. "बघणं दिसतं. वाट बघणं कुठे दिसतं? तो आपला अंदाज झाला." मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. "बरोबर," मी म्हटलं, "अंदाजाला जागा नाही." आणि त्या वाक्यावर मी स्वतः आडवी रेघ मारली, जरा जास्तच दाबून, कागद थोडा फाटला. सूनबाईला ते पटलं नाही. "पण बाई, खरं असलं तर?" "नुसतं खरं असून भागत नाही गं, कोणीतरी बघितलेलं असावं लागतं," मी म्हटलं, आणि फळ्याकडे वळले. फळ्यावर लिहिण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून तारीख पुन्हा एकदा लिहिली. मागच्या बाकावर मावशी बसल्या होत्या. मुलांच्या दवाखान्यात त्या काम करतात, रात्रंदिवस लेकरांची दुपटी बदलतात, आणि माझ्या वर्गात इतकी वर्षं येतात की पासही होत नाहीत आणि सोडतही नाहीत. त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

घरी जाताना मी स्वतःशी भांडत होते. बघते मी दाराकडे, तर काय झालं? उशिरा येणारी माणसं असतात. वारा असतो. पण हे सगळं ज्ञानकोशी तोंड करून म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की मी भांडतेय ते कोणाशी तरी, आणि तो कोणीतरी हसत उत्तरं देतोय, आणि त्या उत्तरांना टर्पेंटाइनचा वास आहे. घरी ताई दारातच होती. आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. ती विधवा, मी बिनलग्नाची, आणि तिच्या मते दोघींपैकी मीच जास्त बिचारी, कारण तिच्याकडे निदान रागावायला एक फोटो आहे. "काय गं, आज चेहरा का उतरलाय?" तिने विचारलं. "पोरांनी माझ्यावर निबंध लिहिला." "मग? गाढव म्हणाले?" "नाही. बरोबर लिहिला." ताई म्हणाली, "मग वाईटच झालं," आणि चहा टाकायला आत गेली. तिला सगळं कळतं असं मला कधी कधी वाटतं, पण ती विचारत नाही. आमच्या घरात विचारण्याची पद्धतच नाही. आईबाबा होते तेव्हाही नव्हती. कोणाला काय हवंय ते जेवणाच्या ताटात ओळखायचं आणि वाढायचं, एवढीच आमची बोलाचाली.

बाबांनी एकदा रद्दीवाल्याकडून ज्ञानकोशाचा एक खंड आणला होता. एकच. पूर्ण संच घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि रद्दीवाल्याकडेही बाकीचे नव्हते. मी दहा-अकरा वर्षांची असेन. इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून बाबा शेजारी बसून एकेक ओळ लावून द्यायचे. एका इंग्रजी अक्षरापासून सुरू होणारं सगळं जग मला पाठ होतं: दिवा, सरडा, लिंबू, शिडी, कुलूप, चामडं, हसणं. शाळेत कोणी त्या अक्षराचं काही विचारलं की मी सर्वज्ञ, आणि पुढच्या अक्षरापाशी ठार अडाणी. पण मला वेड लावलं ते लेखांच्या शेवटी येणाऱ्या 'पाहा'ने. पाहा: समुद्र. पाहा: वारा. पाहा: प्रकाशाचा वेग. सगळे दुसऱ्या खंडांत. मी ते 'पाहा' बोटाने गिरवायचे आणि न आलेल्या लेखांत काय काय असेल याची कल्पना करत पडायचे. बाबा म्हणायचे, अगं जेवढं आहे तेवढं तरी वाच. पण जेवढं होतं त्याची मला गोडीच राहिली नव्हती. ते सगळं खरं जग कोणाच्या तरी दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच फळीवर ओळीने उभं आहे, आणि कधीतरी कोणीतरी येऊन ते माझ्यापुढे उघडून ठेवील, ही हुरहूर मला तेव्हा लागली. वय वाढलं, इंग्रजी आलं, पूर्ण संच वाचनालयात बघून झाला. समुद्र वाचला, वारा वाचला. हुरहूर मात्र गेली नाही.

पेंटर माझ्या वर्गात आला तो एका फजितीमुळे. तो पाट्या रंगवायचा. इंग्रजी अक्षरं अशी काढायचा की बघत राहावं, आणि त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं आणि तो त्याचं चित्र काढायचा, आपण झाडाचं काढतो तसं. एकदा एका गोदामाच्या मालकाने इंग्रजी मजकूर लिहून दिला. कागद पुरला नाही म्हणून खाली 'कृपया मागे पाहा' असं लिहून उरलेला मजकूर पाठीवर लिहिला. पेंटरने 'कृपया मागे पाहा' हेसुद्धा लाल रंगात, सावली देऊन, झोकात रंगवलं. पाठीमागचा मजकूर त्याने पाहिलाच नाही. पाटी लागली, आणि माणसं कितीतरी दिवस पाटीच्या मागे जाऊन चिखलात उभी राहून परत येत होती. हे त्याने पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं. इतका हसला स्वतःला, की हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. आणि हसताना मला एकदम जाणवलं की मी या वर्गात मोठ्याने हसले त्याला काही वर्षं झाली असतील. त्याची बोटं जाड होती, नखांच्या कडांना रंग असायचा, रोज वेगळा. मी हजेरी घेताना आधी त्याच्या नखांकडे बघायची. आज निळं काम दिसतंय. आज दवाखान्याचं हिरवं.

त्याने लेखासाठी विषय घेतला 'पिवळा'. पहिलं वाक्य: पिवळा हा एक रंग आहे. दुसरं: तो लांबून सगळ्यांत आधी दिसतो. साक्षीदार भरपूर मिळाले. तिसरं: मला तो आवडतो. मी काट मारली. पुढच्या आठवड्यात ते वाक्य पुन्हा हजर. पुन्हा काट. "पेंटर, 'मी' चालत नाही, किती वेळा सांगायचं?" "मग पिवळा कोणाला आवडतो ते वाचणाऱ्याला कळायचं कसं बाई?" "कळायची गरज नाही. हा ज्ञानकोश आहे." तो विचारात पडला. "ज्ञानकोश लिहिणाऱ्याला काहीच आवडत नसेल का हो?" "आवडत असेल की. पण ते तो घरी गेल्यावर." वर्ग हसला, आणि तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि घरी कोणी नसेल तर?" कोणी ऐकलं नाही, बाकं सरकत होती. मी ऐकलं. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. हे मला नंतर, बसथांब्याकडे जाताना कळलं. आम्ही वर्ग सुटल्यावर थांब्यापर्यंत बरोबर जायला लागलो होतो. ठरवून नाही. मी फळा पुसून, दिवे घालवून खाली यायची तोवर तो झेरॉक्सच्या दुकानापाशी चपलेने दगड घोळवत उभा असायचा आणि मी दिसले की जणू योगायोगानेच निघायचा. रस्ताभर तो मला पाट्या वाचून दाखवायचा. आधी नुसती अक्षरं, मग शब्द, मग एके दिवशी चष्म्याच्या दुकानाची अख्खी पाटी, न थांबता. "ही मी रंगवलीय," तो म्हणाला, "आणि काय लिहिलंय ते आत्ता कळलं. त्या 'एस'कडे बघू नका बाई, पोट सुटलंय त्याला. घाई होती तेव्हा." मी त्या 'एस'कडे आजही बघते. आता तिथे छापील फ्लेक्स आहे, पण मला कुठे तो 'एस' होता ती जागा माहीत आहे.

फळ्यावर माझ्या ओळी वर वर चढत जातात. शाळेपासूनची खोड. एक दिवस तो वर्गाच्या आधीच आला, खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं आणि म्हणाला, "हे बघवत नाही मला. धरा." एक टोक त्याने माझ्या हातात दिलं, दोऱ्यावर खडू घासला, आणि स्वतः दुसरं टोक घेऊन फळ्याच्या पार त्या कडेला गेला. "ताणा. अजून. घाबरू नका, तुटत नाही." मी अंगठ्याखाली दोरा दाबून धरला. त्याच्या बाजूची ओढ माझ्या बोटाला लागत होती, त्याचा श्वास मागेपुढे झाला तरी कळावं इतका तो दोरा ताठ होता. मग त्याने मधोमध दोन बोटांनी दोरा उचलला आणि सोडला. एवढासा आवाज झाला. पांढरी धूळ उडाली आणि काळ्या फळ्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सरळ, केसाएवढी बारीक रेघ उमटली. आम्ही दोघे आपापल्या टोकाला तसेच उभे. दोरा सोडायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि सोडला नाही. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही चालू होत नव्हती. माझ्या आयुष्यात मला कोणी कधी इतकं घट्ट धरून ठेवलं नाही, आणि मधे हात तर सोडाच, एक अख्खा फळा होता. मग जिन्यात पावलं वाजली, त्याने दोरा गुंडाळला, आणि मी त्या रेघेवर तारीख लिहिली.

बस्स, एवढंच झालं. सांगायला गेलं तर यापुढे काही नाही. कुठल्या तरी बंदरावरच्या मोठ्या गोदामांच्या पाट्यांचं काम त्याला मिळालं, दोन-तीन महिन्यांचं. थांब्यावर बस आली तेव्हा तो म्हणाला, "येतो बाई. पिवळ्याचे उपयोग राहिलेत, ते आल्यावर लिहितो." जाताना येतो म्हणायची आपली पद्धतच आहे, मीही कोणाला जाते म्हणत नाही. पण त्याचं ते 'येतो' मी धरून बसले. दोन-तीन महिने झाले, मग आणखी झाले. हजेरीपत्रकातल्या त्याच्या नंबरवर फोन केला तर बाईचा आवाज म्हणाला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी तीनदा ऐकलं. तिने जीवच घेतला, पण काय स्वच्छ उच्चार होते! मग गावभर फ्लेक्स आले, हाताने रंगवलेल्या पाट्या उतरल्या, आणि मला वाटलं त्याचं पोट कुठे भरत असेल. काळजी करायला मला परवानगी हवी होती, ती कोणाकडे मागणार? आता तिसरं वर्ष चालू आहे. मला तो हवा होता. आज सरळ लिहिते, 'मी' घालून लिहिते. मला तो अजून हवा आहे. चपलेने दगड घोळवणारा, स्वतःला हसणारा, पोट सुटलेल्या 'एस'ची लाज वाटणारा. संध्याकाळी पिवळी नखं घेऊन कोणीतरी घरी यावं आणि मी त्याला म्हणावं, हात धुवा आधी.

पण वर्गाने तो लेख वाचला त्या दिवसापासून मला नुसती ओढ नव्हती, भीतीही वाटायला लागली. वर्गाने माझं बघणं पाहिलं, त्याला डझनभर साक्षीदार. पण ज्याच्यासाठी बघते तिकडचं काय? त्याला कोण साक्षीदार? दोरा दोघांनी धरला होता, त्यातला एक गेला आणि दुसरी मी, आणि लिहिणाऱ्याची साक्ष धरत नाहीत. त्या माणसाला माझ्याविषयी काही वाटत होतं, की तो आपला दोन गोष्टी बोलायला सोबत बघत होता? फळ्यावर रेघ मारणं त्याच्या रोजच्या कामातलं होतं. तो भिंतीभिंतीवर रेघा मारतो, दुसरं टोक धरायला कोणीही चालतं. मी एका रेघेवर आयुष्याची तीन वर्षं टांगून बसले असेन तर ताई म्हणते तशी मी बिचारीच. मग मी ठरवलं, दाराकडे बघायचं नाही. पुढच्या तासाला दाराकडे पाठ करून उभी राहिले, तर मान दुखली. त्यापुढच्या तासाला दार उघडंच ठेवलं, म्हणजे बघितलं काय आणि नाही काय, तर झेरॉक्सवाल्याच्या विडीचा धूर आत आला आणि सगळे खोकले. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, बघा तुम्ही दाराकडे. आम्ही ते वाक्य काढून टाकतो." त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, तेच मला सोसवलं नाही. "खरं वाक्य काढायचं नसतं," मी म्हटलं. आणि त्याच वेळी मनाशी ठरवलं, की विचारायचं. एका तरी माणसाला विचारायचं. पेंटरच्या तुकडीतलं आता वर्गात एकच माणूस उरलं होतं.

वर्ग सुटल्यावर मावशी नेहमीप्रमाणे मागे राहिल्या, त्यांची आवराआवर सावकाश असते. मी फळा पुसत होते. तोंड फळ्याकडे ठेवूनच विचारलं, "मावशी, तुम्हाला पेंटर आठवतात का हो?" तो शब्द मी तीन वर्षांत मोठ्याने उच्चारला नव्हता. मावशी एकदम खुलल्या. "न आठवायला काय झालं? आणि आले होते की मध्ये!"

डस्टर माझ्या हातात तसंच राहिलं. "कुठे आले होते?"

"अहो इथेच. गेल्या थंडीत. मला ड्यूटीवरून उशीर झाला होता, जिना चढून येते तर हे दाराबाहेर उभे. काचेतून आत बघत होते. तुमची पाठ होती, फळ्यावर काहीतरी लिहीत होतात. मला बघून दचकले. वाळलेत हो फार. केस पिकले."

मी बाकावर बसले. सगळ्या वेळा मी दाराकडे बघितलं, आणि तो आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. "किती वेळ उभे होते?"

"ते कसं सांगू? पण बराच वेळ असणार. खाली झेरॉक्सवाला मला म्हणाला होता, वर एक पाहुणा गेलाय तो अजून आत जातोय की नाही कोण जाणे."

म्हणजे दोघांनी पाहिलं होतं. मला वाटलं मी आता रडणार नाहीतर हसणार. तो आला होता. काचेपाशी, बराच वेळ. तीन वर्षं मला जे कोणालाच विचारता येत नव्हतं त्याचं उत्तर या बाईच्या पिशवीत, डब्याशेजारी पडून होतं. "मग, मग आत का नाही आले? काही बोलले का तुमच्याशी?"

"तेच तर सांगतेय!" मावशी पिशवी खाली ठेवून सरसावून बसल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "माझ्याशी इंग्रजीत बोलले ते! मला म्हणाले, हाऊ इज मॅडम? खाडकन! मी म्हटलं, मी काय मागे हटते? तेवढं एक मला न अडखळता येतं, तुम्हीच पाठ करून घेतलंय. मी सांगितलं, शी इज व्हेरी वेल, थँक यू."

"असं म्हणालात?"

"हो! तर त्यांनी पुन्हा विचारलं, जरा थांबून. शी इज हॅपी? मी म्हटलं, येस, शी इज व्हेरी हॅपी. अख्खं वाक्य, बाई. नुसतं येस म्हणायचं नाही, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, असं तुम्ही सांगता ना? आमच्या वॉर्डात कोणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. बाहेरच्या माणसाशी मी पहिल्यांदाच बोलले हो इंग्रजीत."

"मग?"

"मग काय? गुड म्हणाले. दोनदा म्हणाले, गुड, गुड. आणि गेले खाली."

"कुठे राहतात, काय करतात, काहीच विचारलं नाहीत?"

"अहो, कुठलं डोक्यात येतंय! इंग्रजी बोलत होते ना मी. मला वाटलं, थांबा म्हणावं, तर थांबाला काय म्हणतात ते जिभेवर येईपर्यंत ते पार रस्त्यावर. आणि तुम्हाला सांगणारच होते मी, पण आत आले तर त्या दिवशी तुम्ही शुद्धलेखन घातलं होतं, त्यात सगळं राहून गेलं." एवढं बोलून त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा उजळलेला चेहरा हळूहळू उतरायला लागला. लेकरू अचानक रडायचं थांबलं की वॉर्डात त्या अशाच बघत असतील. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला साबणाचा वास होता.

"बाई, माझं काही चुकलं का हो?"

खाली रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. त्याने विचारलं होतं, सुखी आहे का. बराच वेळ काचेशी उभं राहून त्याने एवढंच विचारलं होतं, आणि ते ऐकून, समाधानाने, निघून गेला होता. मी मावशींच्या हातावर हात ठेवला, घसा साफ केला, आणि वर्गात विचारते तसं, स्वच्छ, सावकाश विचारलं, "हाऊ इज मॅडम?"

मावशी बाकावरून उठून ताठ उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"शी इज व्हेरी हॅपी, थँक यू."

"छान," मी म्हटलं. "एकही चूक नाही."